वाळण कोंड : महसीर माशांचे अभयस्थान

थंड प्रदेशांतील हौशी गळकरी ट्राउट माशांच्या ओढ्यांची जशी निगा राखतात, तसेच, किंबहुना त्याहून कडक व्रत नवी मुंबईच्या दक्षिणेस महाड तालुक्यातील काळ नदीकाठच्या ग्रामस्थांनी पाळले आहे. वाळण येथील कोंड, म्हणजे नदीपात्रातील खोल डोह, वरदायिनी देवीचा मानला जात असल्याने तेथे मासेमारी वर्ज्य असून, मोठ्या खवल्यांचा, स्वच्छ व प्राणवायूयुक्त पाणी लागणारा महसीर मासा तेथे निर्धास्त वावरतो. देवराई वृक्षांना जे अभय देते, तेच हा डोह माशांना देतो. उन्हाळ्यात प्रवाह रोडावला की अशा डोहांतच पुढील पिढीचे जनक तग धरतात. म्हणून लोणावळ्याजवळ टाटा पॉवरने चालविलेल्या महसीर-बीज केंद्राइतकेच या लोकश्रद्धेचे मोल मोठे आहे. डोह पाहण्यास जाणाऱ्यांनी पाण्यात प्लास्टिक मुळीच टाकू नये.