हातचा नसलेली संख्या

दापोडी स्टेशनच्या बाकावर लोणावळा लोकलची वाट पाहत बसलो होतो. सोबत भाचा होता. त्याने वहीत एक लांबलचक संख्या लिहून माझ्यापुढे धरली : १२३४५६७८९८७६५४३२१. म्हणाला, ‘‘मामू, उलटी वाचली तरी तीच. जादू आहे ना?’’

गणिताशी माझे जुने वैर. गुणाकारात हातचा विसरलो म्हणून लहानपणी छड्या खाल्ल्या आणि पुढे बी.ए.चा रस्ता धरला. पण कवीला मात्रा मोजायची सवय असतेच. म्हटले, जादू म्हणण्याआधी मोजून पाहू.

नऊ वेळा एक लिहून होणारी जी संख्या, म्हणजे १११११११११, तिचा हा वर्ग. सुरुवात लहानापासून करावी. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. एकने गुणायचे म्हणजे तीच ओळ पुन्हा लिहायची, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. अशा नऊ ओळी एकाखाली एक मांडल्या की जिना तयार होतो. उजवीकडून पहिल्या उभ्या रांगेत एकच एक, दुसरीत दोन, असे वाढत मधल्या रांगेत नऊ. मग तसेच उतरत पुन्हा एक. बेरीज म्हणजे नुसती मोजणी! कुठेही हातचा येत नाही, म्हणून आरसा शाबूत राहतो.

आता दहा वेळा एक घ्या. मधल्या रांगेत दहा जमतात, हातचा डावीकडे जातो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आरशाला तडा गेला.

आणखी एक गंमत. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने नि:शेष भाग जातो. कारण १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एक मिळतात. वर्गात नऊ दोनदा येतो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. या आरशासारख्या संख्या ज्या कुळात मोडतात, त्याला त्यांनी ‘डेम्लो’ म्हटले. मुंबईपासून तीस मैलांवरच्या एका रेल्वे स्थानकाचे ते तेव्हाचे नाव. ती कल्पना त्यांना तिथेच सुचली होती.

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर राहिले. पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणणारे गणितज्ञ आपल्याकडेच होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाने त्यांची दखल घेतली. १९८६ मध्ये ते गेले.

या संख्येचा उपयोग काय, असे कुणी विचारील. मी माझ्यापुरते सांगतो. हातचा विसरल्याची शिक्षा मला मिळाली. हातचा का येतो आणि न आला तर काय होते, हे मात्र कुणी दाखवले नाही. ‘जादू’ म्हटले की विचारणे थांबते. छडी उगारली तरी थांबते. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या मास्तरांनी ते थांबू दिले नाही.

लोकल आली. गर्दीत शिरताना भाच्याने विचारले, ‘‘मामू, अकरा एक घेतले तर?’’

मी म्हटले, ‘‘बसायला जागा मिळू दे. मांडून पाहू.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)