४०० डॉलर आणि दोन लाख डॉलर

अमेरिकेतल्या सामान्य माणसाबद्दल आपल्याकडे दोन समज गुण्यागोविंदानं नांदतात. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या भाच्याचं घर, दारातल्या दोन गाड्या आणि मागची हिरवळ फोटोत पाहिली, की तिथे सगळेच सुखवस्तू वाटतात. आणि ‘४० टक्के अमेरिकनांकडे अडीअडचणीला ४०० डॉलरही नसतात’ असा मेसेज फिरत आला, की तोच देश डबघाईला आलेला वाटतो.

भाच्याचं आधी बघू. प्यू रिसर्च सेंटरच्या हिशेबानुसार २०२३ साली भारतीय वंशाच्या कुटुंबाचं मध्यक उत्पन्न वर्षाला दीड लाख डॉलरच्या आसपास होतं. साऱ्या देशाचं होतं ८०,६१० डॉलर. भाच्याच्या घरावरून अमेरिकेचा अंदाज बांधता येत नाही.

४०० डॉलरच्या मेसेजमागे मात्र खरी पाहणी आहे. अचानक एवढा खर्च आला तर तो कसा भागवाल, असं फेडरल रिझर्व्ह दरवर्षी लोकांना विचारतं. २०२३ मध्ये ६३ टक्के लोक म्हणाले, रोखीनं, किंवा पुढच्याच बिलात पूर्ण फेडू अशा बेतानं कार्डावर. उरलेल्या ३७ टक्क्यांना मेसेजवाल्यांनी थेट कफल्लक ठरवलं. प्रत्यक्षात त्यातले बरेच जण कार्डावर टाकून हळूहळू फेडणारे किंवा नातेवाइकांकडून उसने घेणारे होते. कुठूनच जमणार नाही म्हणणारे १३ टक्के होते. इतक्या श्रीमंत देशाला तेवढा आकडाही लाजिरवाणा आहे. तो फुगवायची गरज नाही.

संपत्तीचं चित्र याहून चकवणारं आहे. सगळी कुटुंबं संपत्तीनुसार ओळीत उभी केली, तर मधोमध येणाऱ्या कुटुंबाकडे २०२२ मध्ये कर्ज वजा जाता १,९२,९०० डॉलर होते. महागाई धरूनही २०१९ पेक्षा ३७ टक्के जास्त. सरासरी काढली तर ती दहा लाख डॉलरच्या वर जाते, कारण तिच्यात अब्जाधीशही बसतात. म्हणून सरासरी सांगणाऱ्यावर जरा संशयच घ्यावा.

पण हे दोन लाख आहेत कुठे? बऱ्याच अंशी घरात. स्वतःचं घर असलेल्या मधल्या कुटुंबाची संपत्ती सुमारे ३,९६,००० डॉलर, भाड्यानं राहणाऱ्याची १०,४००. दरी इथे आहे. जानेवारी २०२१ मध्ये ३० वर्षांच्या गृहकर्जाचा दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो आठच्या उंबरठ्यावर पोचला. स्वस्त कर्ज हाती असलेला जुना मालक घर विकायला धजत नाही आणि तरुण भाडेकरूला घ्यायला परवडत नाही. मालकालाही ती श्रीमंती किराणा भरायला उपयोगी पडत नाही. त्यासाठी घर विकावं लागतं, नाहीतर गहाण टाकावं लागतं.

मजुरीबद्दलही अर्धवट माहिती फिरते. केंद्राचं किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर थिजलं आहे, हे खरं. पण ताशी मजुरीवरच्या कामगारांपैकी तेवढ्यावर किंवा त्याखाली राबणारे जेमतेम एक टक्का आहेत. डॅलसमधल्या वेटरला मालकाकडून तासाला २.१३ डॉलर मिळू शकतात. हा दर १९९१ पासूनचा. बाकीचं टिपेतून, आणि टीप कमी पडली तर ७.२५ पर्यंतची भर मालकानं घालायची. सिअ‍ॅटलमध्ये २०२५ साली त्याच कामाला मालकानं २०.७६ द्यायचे, टीप वेगळी. शहर न सांगता ‘अमेरिकेत वेटरला किती मिळतात’ हा प्रश्नच फोल आहे. शिवाय कोविडनंतर सर्वांत वेगानं वाढली ती तळातल्यांची मजुरी. डेव्हिड ऑटर, अरिंद्रजित दुबे आणि अ‍ॅनी मॅकग्रू या अर्थतज्ज्ञांच्या मते १९८० पासून वाढलेल्या वेतनातल्या विषमतेपैकी सुमारे एक तृतीयांश त्या काही वर्षांत पुसली गेली.

‘तिथे प्रत्येकाला दोन-तीन नोकऱ्या कराव्या लागतात’ हेही खोटं. एकाहून जास्त नोकऱ्या करणारे पाच टक्क्यांच्या आसपास आहेत.

खरी झीज झाली आहे ती आधाराची. १९७८ च्या कायद्यातल्या ४०१(के) या कलमातून निवृत्तीची खाती निघाली आणि कंपनीच्या ठरावीक पेन्शनऐवजी बाजाराची जोखीम कामगाराच्या माथी आली. १९८३ मध्ये २०.१ टक्के कामगार युनियनमध्ये होते, २०२४ मध्ये ९.९ टक्के. २०२३ चा वाहन कामगारांचा संप २५ टक्के वाढ मिळवून गाजला खरा, पण खासगी क्षेत्रात शंभरात सहा जणही युनियनचे नाहीत. बहुतेक कंपन्या आपणहून पगारी रजा देतात. खासगी क्षेत्रातल्या कामगाराला ती द्यायला भाग पाडणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा मात्र नाही. १९९३ च्या कायद्यानं मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही साधारणपणे ५० किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीत.

आरोग्यविमाही बहुतेकांना नोकरीतूनच मिळतो. २०२४ मध्ये अशा कौटुंबिक विम्याचा वर्षाचा हप्ता सरासरी २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले ६,२९६ कामगाराच्या पगारातून जात. नोकरी गेली की ‘कोब्रा’ कायद्याखाली साधारण १८ महिने तोच विमा चालू ठेवता येतो; मात्र तेव्हा मालकाचा वाटाही कामगारालाच भरावा लागतो, वर दोन टक्के शुल्कही.