नीलगिरीचे दोन थेंब : वाटणं वेगळं, मोजणं वेगळं



एप्रिल २०२१ आठवतोय? कापूर, लवंग, ओवा आणि वर नीलगिरीचे थेंब. याची पुरचुंडी हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा मेसेज तेव्हा घराघरांत फिरत होता. त्याला कुठलाही पुरावा नव्हता. तरीही लोकांचा विश्वास बसला, कारण हुंगल्यावर खरंच मोकळं वाटत होतं. आज हे ‘वाटणं’ संशोधकाच्या नजरेने तपासू या. घरात इसेन्शियल ऑइल सुरक्षितपणे वापरायचं असेल, तर गोष्ट इथूनच सुरू होते.

आधी नावाबद्दल. इसेन्शियल म्हणजे इथे ‘अत्यावश्यक’ नव्हे. हा शब्द ‘इसेन्स’वरून आला, म्हणजे वनस्पतीचा अर्क. मराठीत बाष्पनशील किंवा सुगंधी तेल म्हणणं जास्त बरोबर.

मोकळं का वाटतं?

१९८३ साली बरो, एकल्स आणि जोन्स या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना कापूर, नीलगिरी आणि मेन्थॉलची वाफ हुंगायला दिली आणि दोन गोष्टी तपासल्या : नाकातून हवा जाताना होणारा अवरोध, आणि व्यक्तीला काय वाटतं ते. अवरोधात फरक पडला नाही. हवा जास्त जातेय असं मात्र लोकांना वाटलं.

यामागचं कारण पुढे रेणूंच्या पातळीवर कळलं. २००२ मध्ये टीआरपीएम८ हा थंडी ओळखणारा रिसेप्टर सापडला. मेन्थॉल आणि नीलगिरीतलं सिनिओल त्याला चेतवतात. मेंदूला ‘गार हवा आली’ असा निरोप जातो. हवा तेवढीच असते.

म्हणजे आराम खोटा नाही, पण तो संवेदनेचा आराम आहे. म्हणूनच दम लागलेल्या माणसाला पुरचुंडी देऊन थांबणं धोक्याचं. तिथे ऑक्सिमीटर आणि डॉक्टर हवेत.

आता डोसचं गणित

‘नैसर्गिक आहे, काय होणार?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. कागद-पेन घ्या.

औषधी दर्जाच्या नीलगिरी तेलात साधारण ७० टक्के किंवा जास्त सिनिओल असतं. तेलाची घनता सुमारे ०.९१. एक चमचा म्हणजे ५ मिली.

५ × ०.९१ × ०.७ = सुमारे ३.२ ग्रॅम

१० किलो वजनाच्या बाळाच्या पोटात हे गेलं, तर किलोमागे ३२० मिलिग्रॅम! लहान मुलांमध्ये याहून कमी तेलानेही उलट्या, गुंगी, फिट किंवा बेशुद्धी येऊ शकते. आपल्याकडे ही बाटली बऱ्याचदा खोकल्याच्या औषधाशेजारीच ठेवलेली असते, आणि रात्री दिवा न लावता चमचा भरला जातो. बाटलीची जागा आजच बदला.

कापराचं तर अजून कठीण. पोटात गेल्यावर अर्ध्या तासाच्या आतही फिट येऊ शकते, आणि तान्ह्या मुलांत एक ग्रॅमच्या आसपासचा डोसही जीवघेणा ठरल्याच्या नोंदी आहेत. बाळाच्या हाताला लागेल अशी कापराची पुरचुंडी पाळण्याला बांधू नका. सांधेदुखीसाठी मिळणारं गंधपुरा तेल जवळजवळ शुद्ध मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनचा सख्खा नातेवाईक. तेही कुलपातच हवं.

चुकून कोणी प्यायलं, तर उलटी करवू नका. तेल फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा, किंवा १०८ ला फोन करा.

‘थेंब’ हे एकक नाही

पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. तेलाचा थेंब मात्र बाटलीच्या तोंडावर आणि पृष्ठताणावर ठरतो. त्यामुळे मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणा आणि मोजा. मोठ्यांच्या त्वचेसाठी साधारण २ टक्क्यांपर्यंतचं मिश्रण वापरतात : ३० मिली खोबरेल तेलात ०.६ मिली. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस थांबा.

आणखी काही नियम, कारणासकट :

• अंघोळीच्या पाण्यात थेंब टाकू नका. तेल पाण्यात विरघळत नाही. तरंगतं आणि तसंच कडक अंगाला चिकटतं.
• बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. लिमोनिन, लिनालूल हे घटक हवेत ऑक्सिडाइज होतात, आणि त्यातून बनणारी संयुगं त्वचेला ॲलर्जी देतात. वास चांगला येतोय म्हणजे तेल चांगलं आहे, असं नाही.
• दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाजवळ मेन्थॉल, कापूर, नीलगिरी नको. तीव्र वासाने श्वास अडखळू शकतो.
• घरात दमेकरी असेल तर डिफ्युझर लावण्याआधी विचारा. वासानेही दमा उसळू शकतो.
• ही तेलं पेट घेतात. निरांजन, गॅस यांच्यापासून दूर ठेवा.

संशोधनाला यातून काय घ्यायचं?

कुठलाही दावा समोर आला की चार प्रश्न विचारा : नक्की काय मोजलं? किती मात्रेत? कुठल्या मार्गाने : हुंगून, लावून की पिऊन? आणि कोणावर : पेट्री डिशमधल्या जिवाणूंवर, उंदरावर की माणसावर? ‘तेलाने जिवाणू मेले’ हे वाक्य डिशमध्ये खरं असेलही, पण तीच मात्रा आपल्या अंगाला सोसेल का, हा वेगळा प्रयोग आहे.

एक गृहपाठ देतो. घरातली कुठलीही सुगंधी तेलाची बाटली घ्या, १ मिलीत किती थेंब बसतात ते तीनदा मोजा आणि सरासरी काढा. मग ‘दोन थेंब टाका’ या सल्ल्यात किती मिलिग्रॅम दडलेत, ते स्वतः शोधा. आकडे आले की कमेंटमध्ये लिहा. बाटली-बाटलीत किती फरक पडतो, ते सगळे मिळून बघू.