झेरॉक्स-दुरुस्तीतल्या फजित्या

झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्याची फजिती सहसा अवघड बिघाडात होत नाही. साधी गोष्ट पाहायची राहून जाते, तिथे होते. मशीन चालूच होत नाही अशी तक्रार येते. मेकॅनिक मागचं झाकण काढतो, पॉवर सप्लायचं कार्ड बाहेर घेतो आणि तासाभराने ऑफिसातला शिपाई भिंतीवरचं बटण दाबून मशीन सुरू करून दाखवतो. गाडीचा मेकॅनिक आपल्या गॅरेजमध्ये चुकतो, तेव्हा पाहायला फारसं कुणी नसतं. झेरॉक्सवाल्याला गिऱ्हाइकाच्या जागेत, कॉप्यांसाठी खोळंबलेल्या लोकांसमोर काम करावं लागतं.

नेहमीची आणि खर्चिक चूक म्हणजे काळ्या रेघेची. प्रत्येक कॉपीवर वरपासून खालपर्यंत बारीक रेघ येते. मेकॅनिक ड्रम (कागदावर उतरणारी प्रतिमा ज्याच्यावर तयार होते तो प्रकाशसंवेदी दंडगोल) खराब झाल्याचं सांगतो, नवा ड्रम बसतो, बिल होतं आणि रेघ जिथल्या तिथे. वरच्या फीडरमधून कागद घातला की स्कॅनर एका जागी थांबतो आणि मोठ्या काचेच्या कडेला असलेल्या अरुंद काचपट्टीतून सरकता कागद वाचतो. त्या पट्टीवर व्हाइटनरचा एवढासा ठिपका वाळला असेल, तर तो कागदाच्या प्रत्येक ओळीत उमटतो आणि ठिपक्याची रेघ होते. तोच कागद मोठ्या काचेवर ठेवून कॉपी काढली तर रेघ येत नाही, कारण तिथे कागद स्थिर असतो आणि स्कॅनर फिरतो. कॉम्प्युटरवरून काढलेल्या प्रिंटवरही रेघ असेल, तरच ड्रमवर संशय घेणं रास्त. दोन मिनिटांची ही तपासणी घाईत राहून जाते.

टोनरने केलेली फजिती मात्र लपवता येत नाही. टोनर म्हणजे रंग मिसळलेल्या प्लॅस्टिकची भुकटी. तिचे कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचे. वेस्ट टोनरची, म्हणजे वापरून उरलेल्या भुकटीची, भरलेली बाटली हातातून निसटली की नवा माणूस घरगुती व्हॅक्युम क्लीनर मागतो. हे कण त्याच्या साध्या पिशवीतून आरपार जातात आणि मागच्या हवेबरोबर खोलीभर पसरतात. पुढची चूक गरम पाण्याची. उष्णतेने वितळून कागदाला चिकटणं हाच टोनरचा गुण, त्यामुळे कपड्यावरचा डाग गरम पाण्याने अधिकच पक्का बसण्याची भीती असते. आधी झटकणं आणि मग थंड पाणी, हाच उपाय.

ड्रम तर उजेडालाही भितो. दुरुस्ती चालू असताना तो खिडकीजवळच्या टेबलावर उघडा राहिला, तर नंतरच्या प्रतींवर डाग किंवा पट्टे येऊ शकतात. थोडाच उजेड लागला असेल तर अंधारात ठेवल्यावर तो पुष्कळदा सावरतो. कडक उन्हातला सावरेलच असं नाही. म्हणून जाणता माणूस ड्रम काढल्याबरोबर काळ्या कापडात गुंडाळतो.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात वेगळीच गंमत होते. कागद सारखा अडकतो म्हणून रोलर बदलले जातात. दोष असतो दमट हवेत उघड्या पडलेल्या रिमाचा. कोरड्या रिमातले दहा कागद घालून पाहिले असते, तर रोलर वाचले असते.

या चुका आपसात सांगितल्या जातात आणि धंदा त्यातूनच शिकतो. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या तंत्रज्ञांचा अभ्यास करणारे मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी १९९६च्या ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ या पुस्तकात हेच दाखवलं आहे. त्यातल्या एका प्रसंगात मशीन दाखवत असलेला एरर कोड एकीकडे बोट दाखवतो आणि खरा बिघाड निघतो दुसरीकडे. दोघे तंत्रज्ञ एकमेकांना जुन्या बिघाडांच्या गोष्टी सांगत त्या बिघाडापर्यंत पोहोचतात. १९९०च्याच दशकात कंपनीने ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञांनी स्वतः शोधलेल्या युक्त्या तिच्यात नोंदवायच्या आणि इतरांनी त्या तपासून मान्य करायच्या. अशा नोंदींसाठी पैशांचं बक्षीस द्यावं की नाही, हा प्रश्न आला तेव्हा तंत्रज्ञांचा कल पैशांकडे नव्हता. युक्तीखाली तिच्या कर्त्याचं नाव असावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.