पाळीव सशाची जात : ओळखण्याचा प्रश्न व त्याच्या मर्यादा
(पेण व रोहा तालुक्यांच्या संदर्भात)

घरी नवा ससा आणला की त्याची जात कोणती, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. विकणारा एखादे परदेशी नाव सांगतो, घेणारा ते मान्य करतो आणि चौकशी तेथेच संपते. वस्तुतः या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. हा प्राणी कोणत्या प्रजातीचा, हा पहिला. आणि त्या प्रजातीत माणसाने निपजविलेल्या अनेक जातींपैकी तो कोणत्या जातीचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर निश्चितपणे देता येते. दुसऱ्याचे बहुधा येत नाही. नेमका पहिलाच प्रश्न विचारावयाचा राहून जातो, आणि पेण-रोह्यासारख्या भागात तोच अधिक महत्त्वाचा आहे.

आपल्या भाषेत 'ससा' हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो. पहिला आपल्या रानातला ससा. त्याचे शास्त्रीय नाव लेपस निग्रिकोलिस, म्हणजे काळ्या मानेचा ससा. खाडीकाठच्या खाजणांपेक्षा डोंगरपायथ्याचे गवताळ उतार, वरकस जमिनी व झुडपी रान त्यास अधिक मानवते. दुसरा पाळीव ससा. तो ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या प्रजातीचा असून मूळचा युरोपातील आयबेरिया द्वीपकल्पाचा आहे. जगातील पाळीव सशांच्या सर्व जाती याच एका प्रजातीपासून निघाल्या. पहिल्याच्या पेशीत 48 गुणसूत्रे असतात, दुसऱ्याच्या 44. त्यांचा संकर होत नाही.

पांढऱ्या किंवा ठिपकेदार सशाविषयी शंका उद्भवत नाही, तो पाळीवच. अडचण करड्या-तपकिरी रंगाची आहे, कारण पाळीव सशांतही हा मूळचा रानटी रंग आढळतो. अशा वेळी मान पाहावी. आपल्याकडील रानसशाच्या मानेवर मागील बाजूस काळा पट्टा असतो. त्याच रंगाच्या पाळीव सशाच्या मानेवर तेथे तांबूस त्रिकोण दिसतो. रानसशाचे कान व मागचे पाय शरीराच्या मानाने अधिक लांब असतात आणि अंगकाठी सडपातळ असते.

पिलांच्या बाबतीत भेद आणखी स्पष्ट होतो. पाळीव सशाचे पिलू जन्मतः उघडे व आंधळे असते. त्याचे डोळे सुमारे दहाव्या दिवशी उघडतात. रानसशाचे पिलू मात्र अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मास येते. मादी बीळ करीत नाही; गवतातील उथळ खळग्यात पिले ठेवून ती बराच काळ दूर राहते. गवत कापताना किंवा वरकस साफ करताना असे एकटे पिलू दिसले, तर ते पोरके आहे असा समज होतो व दयाबुद्धीने ते घरी आणले जाते. ही दया बहुधा त्याच्या मृत्यूस कारण होते, कारण बंदिवासात ही पिले क्वचितच जगतात. शिवाय वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये रानससा संरक्षित असल्याने त्यास पकडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. पिलू धडधाकट असेल तर ते जेथल्या तेथे राहू द्यावे. जखमी असेल तर वन विभागास कळवावे.

आता दुसरा प्रश्न. जातीचे नाव हा मूलतः वंशावळीचा दाखला होय. केवळ रूपावरून तो देता येत नाही. पांढरा रंग व तांबडे डोळे दिसताच 'न्यूझीलंड व्हाइट' असे म्हटले जाते. ही जात नावाप्रमाणे न्यूझीलंडची नसून अमेरिकेत निपजली आहे. तिच्या प्रौढ सशाचे वजन साधारण 4 ते 5 किलो भरते. परंतु 'व्हाइट जायंट' ही जातही अशीच पांढरी व तांबड्या डोळ्यांची असते. इतकेच नव्हे, तर रंगीत आईबापांच्या पोटीही, दोघांत तो सुप्त गुण असल्यास, पांढरे पिलू येते. रंगावरून एका गुणाचा बोध होतो, कुळाचा नव्हे.

'हिमालयन' व 'कॅलिफोर्नियन' या जातींत कान, नाक, पाय व शेपूट काळी आणि बाकी अंग पांढरे असते. येथे काळा रंग तयार करणारे विकर केवळ शरीराच्या थंड भागांत कार्य करते. साहजिकच कोकणच्या उष्ण हवेत हे काळेपण फिके पडू शकते आणि शुद्ध जातीचा ससाही पुस्तकातील चित्राशी जुळत नाही. उलट, चित्राशी हुबेहूब जुळणारा ससा संकरज असू शकतो. पैदाशीची नोंद नसल्यास 'संकरज पाळीव ससा' हेच प्रामाणिक उत्तर ठरते, व त्यात कमीपणा काहीच नाही.

मग जात पाहण्याचा उपयोग काय? नावापेक्षा गुण पाहिले तर उपयोग पुष्कळ आहे. केस लांब व लोकरीसारखे असल्यास त्यात 'अंगोरा'चा अंश असण्याचा संभव आहे. ही लोकरीसाठी पाळली जाणारी जात थंड प्रदेशास अनुरूप असून, भारतात तिची पैदास मुख्यतः हिमाचल प्रदेशासारख्या डोंगरी भागांत होते. सशास माणसासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे व श्वासावाटे बाहेर टाकतो. पेण-रोह्याच्या चैत्र-वैशाखात पत्र्याखाली ठेवलेला लांब केसांचा ससा उष्माघाताने दगावू शकतो. त्यास दाट सावली, खेळती हवा, गार पाणी व केसांची नियमित कातरणी हवी. पिलाचे आईबाप पाहावयास मिळाल्यास त्यांच्या आकारावरून पिंजरा केवढा लागेल याचाही अंदाज येतो.

सारांश, नवा ससा हाती आल्यावर प्रथम मान पाहावी, मग केस, मग वजन. नाव सर्वांत शेवटी. नाव चुकले तर फारसे बिघडत नाही. प्रजाती ओळखण्यात चूक झाली, तर मात्र रानातला एक जीव नाहक जातो.