आकार आठवणारे कण आणि धातूची काच
कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत १९६० साली पोल ड्युवेझ व सहकाऱ्यांनी सोने-सिलिकॉनचा रस इतक्या झपाट्याने थंड केला की अणूंना स्फटिकाची शिस्तबद्ध रचना साधण्यास अवधीच मिळाला नाही आणि धातूची काच, म्हणजे अस्फटिकी मिश्रधातू, तयार झाली. अशा काचा अतिशय बळकट असतात, परंतु ताण वाढताच त्यांच्यातील विरूपण अरुंद पट्ट्यांत एकवटते व त्या अकस्मात तुटतात, हा त्यांचा मोठाच दोष होय. या दोषावर आकारस्मृतीमागचा गुण कामी येतो. आकारस्मृती, म्हणजे वाकवलेल्या धातूने तापवताच पूर्वरूप घेणे, स्फटिकरचनेच्या उलटसुलट पालटातून येते. म्हणून निव्वळ काचेत ती या मार्गाने संभवत नाही. मात्र तांबे-झिर्कोनियमच्या काचेत थंड होतानाच त्याच धातूंचे सूक्ष्म स्फटिककण घडू दिले, तर ताणाखाली ते आपली रचना पालटतात, भार वाटून घेतात आणि तुटणे लांबवतात. काचेच्या ठिसूळपणावरील हा उपाय खरोखर मोलाचा आहे.