गंधार आणि मध्यमामध्ये काळी पट्टी का नाही?

रायपूरच्या एका वाचक भगिनींची मुलगी पेटी शिकते आहे. पांढरी एकला सा धरला की ग आणि म यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, नि आणि वरच्या सामध्येही नाही. सात स्वर सारख्या अंतरावर का ठेवले नाहीत, असं तिने आईला विचारलं आणि आईने आम्हाला.

ते अंतर मुळात कोणी ठेवलेलंच नाही. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरा. त्याच्या दीडपट ३६० म्हणजे पंचम, ४/३ पट ३२० म्हणजे मध्यम आणि सव्वापट ३०० म्हणजे गंधार. इतक्या साध्या प्रमाणातले स्वर साशी चटकन मिसळतात, म्हणून कान ते आपसूक निवडतो. तिन्ही आपापल्या जागी बसले की ग आणि म यांच्यात उरतं ते १६/१५ एवढंच अंतर. निषादाचंही तसंच. पंचमाच्या सव्वापट ४५० वर तो येतो आणि ४८० चा तार सा तिथून पुन्हा नेमका १६/१५ वर! लहान अंतरं ही अशी उरलेली जागा आहे, म्हणून तिथे मध्ये काळी पट्टी बसत नाही.

पेटी मात्र एक गोष्ट लपवते. रिषभ २७० चा, म्हणजे सा-रे हे अंतर ९/८ आणि रे-ग १०/९. मोठी अंतरंही दोन प्रकारची आहेत. शिवाय लहान अंतर मोठ्याच्या बरोबर निम्मं नाही. लागोपाठ दोन लहान घेतली तर एका मोठ्याच्या पुढे जातात. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्यामुळे हे सगळे भेद पुसले जातात आणि गंधार चढा राहतो. १२० कंपनांच्या खर्जाच्या तारेतून जुळलेल्या तंबोऱ्यात ६०० चा तार गंधार आपोआप ऐकू येतो, पेटीचा तोच गंधार जवळपास ६०५ चा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे पाच हेलकावे येतात. घरी तंबोऱ्याशेजारी पेटी ठेवून हे जरूर ऐकून पाहा, विलक्षण अनुभव आहे.

हे सगळं आपल्याकडे तार मोजून मांडणाऱ्या माणसाचं नाव आज फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ घेऊन स्वरांची मापं काढली आणि १९१० साली सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरांतरांवर, पुस्तक प्रसिद्ध केलं. भरताने नाट्यशास्त्रात स्वरांना चार, तीन आणि दोन श्रुती दिल्या आहेत. त्या तीन मापांच्या जागी देवलांनी ९/८, १०/९ आणि १६/१५ पाहिले. सनदी अधिकारी क्लेमंट्स यांनी या श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मात्र ती गवयांना पटली नाही. पंडित भातखंडेही विरोधात होते. पुढे शिक्षणात भातखंड्यांची परंपरा रुजली. रायपूरजवळच्या खैरागढला १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय निघालं, तेव्हा दुसऱ्याच वर्षी कुलगुरू म्हणून आले ते भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर.

भातखंड्यांचा विरोध मला अगदीच निराधार वाटत नाही. बावीस श्रुती म्हणजे बावीस पक्के आकडे, असा दावा आजही मोठ्या आवाजात केला जातो. १९६३ साली जैरजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी नामवंत कलावंतांचे स्वर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच मैफलीत एकच स्वर मागेपुढे सरकलेला आढळला. मींड आणि आंदोलन असलेल्या संगीतात दुसरं काय होणार? पण यामुळे देवलांचं मोजमाप खोटं ठरत नाही. गळा जिथे ठहराव घेतो, तंबोऱ्याच्या गंधारात आपला गंधार मिसळू पाहतो, तिथे त्यांचं ५/४ आजही लागू पडतं. त्या मुलीला पेटीवर बोटं जरूर बसवू द्या, पण गंधार तिने तंबोऱ्यावर लावायला शिकावं.